अनुभव धागा: टेक्सासमध्ये स्वतःचं घर सांभाळताना

टेक्सासात राज्याचा आयकर नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वीज, घरपट्टी, पाया, मतदान यांतलं बरंच काही घरमालकानं तारखा सांभाळून स्वतःच करायचं असतं. नवीन घर घेणाऱ्यांच्या कामी येईल असं नेमकं लिहा.

डॅलसच्या उत्तरेकडून – वीज
२००२ पासून राज्याच्या बहुतेक भागात वीज विकणारी कंपनी ग्राहक निवडतो. ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओत मात्र शहराचीच वीज. 'पॉवर टू चूज' या सरकारी संकेतस्थळावर प्लॅन १००० युनिटच्या दरानं मांडलेले दिसतात आणि गोम तिथेच आहे. समजा युनिटला दर १८ सेंट आहे आणि १००० युनिट भरले की १०० डॉलरची सूट. १००० युनिटला बिल ८० डॉलर. ९८० झाले तर सूट गेली, बिल १७६! एप्रिलमध्ये एसी बंद असतो तेव्हा हमखास असं होतं. म्हणून गेल्या बारा महिन्यांचे युनिट समोर ठेवा, प्लॅनचं 'इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल' (दर आणि अटींचा तक्ता) उघडा आणि प्रत्येक महिन्याचं बिल मांडून बेरीज करा. करार संपण्याआधीच्या १४ दिवसांत कंपनी बदलली तर दंड लागत नाही. ती वेळ टळली की महिन्यागणिक बदलणारा, बहुधा महागडा दर सुरू होतो.

ऑस्टिनहून – घरपट्टी
राहत्या घरासाठी आधी 'होमस्टेड' या करसवलतीचा अर्ज भरा. एकदा ही सवलत लागू झाली की पुढच्या वर्षापासून करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. शाळेच्या करात मिळणारी वजावट २०२३ मध्ये ४०,००० वरून १,००,००० डॉलर झाली आणि २०२५ च्या मतदानानंतर १,४०,०००.

एप्रिलच्या सुमारास मूल्यांकनाची नोटीस येते. हरकतीची मुदत १५ मे किंवा नोटिशीनंतर ३० दिवस, यातली जी नंतरची ती. अर्जावर 'बाजारभाव जास्त' आणि 'इतरांच्या तुलनेत असमान' या दोन्ही चौकटींवर खूण करा. मूल्यांकन कार्यालयाचे पुरावेही मागा, मागितल्यास सुनावणीच्या १४ दिवस आधी द्यावे लागतात. १ जानेवारीच्या आसपास विकली गेलेली जवळची घरं, तड्यांचे फोटो, दुरुस्तीचं कोटेशन, हे सगळं बरोबर असू द्या. चौरस फूट चुकीचे लागलेत का, हे आधी तपासा. 'कर परवडत नाही' हा मुद्दा मात्र अजिबात चालत नाही, कारण हरकत ऐकणारं मंडळ फक्त घराची किंमत ठरवतं.

प्लेनोहून – पाया
डॅलस ते सॅन अँटोनिओ पट्ट्यातली माती म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या कापसाच्या जमिनीचीच जात. पाणी प्यायली की फुगते, ऑगस्टमध्ये आकसून पायाच्या स्लॅबपासून सुटते. माती ओलसर राहावी म्हणून पाझरणारा पाइप भिंतीपासून फूट-दीड फूट लांब टाका. अगदी चिकटून टाकलात तर पाणी फटीतून थेट पायाखाली जातं. छतावरचं पावसाचं पाणी खाली आणणाऱ्या नळाचं पाणीही पायापासून निदान पाच फूट लांब सोडा. दार चौकटीला घासू लागलं, दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली, तर आधी स्वतंत्र इंजिनिअर बोलवा. दुरुस्ती विकणाऱ्याकडून निदान करून घेऊ नये.

ह्यूस्टनहून – मतदान
नागरिक झालेल्यांनी हे नक्की वाचा. नोंदणी निवडणुकीच्या ३० दिवस आधी व्हायला हवी. लायसन्स ऑनलाइन नूतनीकरण करतानाची सोय सोडली तर ऑनलाइन नोंदणी नाही. फॉर्म छापून, पेनानं सही करून पाठवायचा. नोंदणीत पक्ष लिहावा लागत नाही, पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या मार्चच्या प्राथमिक फेरीत एका पक्षाची मतपत्रिका मागायची. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर मेमध्ये पहिल्या दोघांत पुन्हा लढत. मार्चमध्ये एका पक्षाकडून मत दिलं असेल तर मेमध्ये दुसऱ्याची मतपत्रिका मिळत नाही. कित्येक मतदारसंघांत एकाच पक्षाचा जोर असल्यानं खरा निकाल मार्च-मेमध्येच लागतो, म्हणून फक्त नोव्हेंबरमध्ये जाणं पुरेसं नाही.

मतदान यंत्रांपासून १०० फुटांत मोबाइल वापरता येत नाही. मतपत्रिका लांबलचक असते, न्यायाधीशसुद्धा निवडून द्यायचे असतात. नावं घरून कागदावर लिहून न्या.