उत्तर: खाली बसवलेल्या सी-१० चे एक्झॉस्ट पाइप

तुमची १९७० ची शेव्हरोले सी-१० पिकअप खाली बसवली आहे, म्हणजे जमिनीपासूनची तिची उंची कमी केली आहे, आणि दोन्ही पाइप मागच्या बंपरपर्यंत न्यायचे आहेत. वरच्या प्रतिसादात अ‍ॅक्सलखालून पाइप न्यायचा सल्ला आहे. कृपया तसं करू नका. इतक्या खाली बसलेल्या गाडीत पहिल्याच स्पीडब्रेकरला पाइप चेपेल.

पाइप अ‍ॅक्सलवरूनच जायला हवा, आणि खरी अडचण तिथेच आहे. चॅसीला सी-नॉच (अ‍ॅक्सलला वर जागा मिळावी म्हणून पट्टीत कापलेली सी आकाराची खाच) केला की अ‍ॅक्सल आणखी वर येतो आणि पाइपची जागा खातो. म्हणून वाकवण्याआधी मागच्या कॉइल स्प्रिंग काढा, जॅकने अ‍ॅक्सल बंपस्टॉपला (त्याची वरची हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्याला) टेकेपर्यंत उचला आणि त्या स्थितीत जागा मोजा. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यांच्या पूर्ण हालचालीत कुठे येतात तेही बघा. गाडी नुसती उभी असताना घेतलेलं माप इथे फसवतं.

पुढे ट्रेलिंग आर्मचा (अ‍ॅक्सलला पुढे चॅसीशी जोडणाऱ्या दांड्यांचा) क्रॉसमेंबर, म्हणजे चॅसीची आडवी पट्टी, मध्ये येतो. पाइपसाठी कमानी असलेले क्रॉसमेंबर तयार मिळतात. ते महाग वाटले तरी घ्या, किंवा तेवढ्या भागात अंडाकृती पाइप वापरा. मफलर (आवाज कमी करणारा डबा) चॅसीच्या पट्ट्यांमध्ये वर चढवा, पाइप टांगायचे हँगर रबराचेच ठेवा.

मागे जागा उरलीच नाही, तर पाइप मागच्या चाकापुढून बाजूला बाहेर काढा. पण तोंड बॉडीच्या कडेबाहेर हवं. कॅबखाली सोडलेला धूर आत शिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.