गेमिंगच्या पावडरीत कॅफीनखेरीज काही आहे का?

देवगडकर:
माझे औषधांचे दुकान आहे. गेल्या आठवड्यात बारावीतला एक मुलगा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठीच्या पावडरीचा ऑनलाइन मागवलेला डबा घेऊन आला आणि "काका, हे रोज घेतले तर चालेल ना?" असे त्याने विचारले. डब्यावर एकाग्रता, बोटांचा वेग आणि डोळ्यांचे रक्षण असे तीन दावे ठळक छापले होते. मागचा मजकूर मात्र इतका बारीक होता की भिंग घ्यावे लागले. एका चमच्यात 150 मिलिग्रॅम कॅफीन, आणि त्याखाली टॉरीन, टायरोसीन, थिअनीन ही अमिनो आम्ले आणि ल्युटीन हे रंगद्रव्य या सगळ्यांचे मिळून एकच वजन दिलेले. कोणता घटक किती, याचा पत्ता नाही.

माझे मत स्पष्ट आहे: यात गुण येतो तो कॅफीनचाच. दिवसभर मेंदूत ॲडिनोसीन नावाचे रसायन साचत जाते आणि त्याने झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते, म्हणून थकवा जाणवत नाही, पण तो गेलेला नसतो. आपल्या कपभर चहात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे हा चमचा तीन-चार कप चहाइतका झाला. पहाटे ट्रॉलरवर जाणारे आणि मे महिन्यात रात्रभर आंब्याच्या पेट्या भरणारे आपले लोक कोऱ्या चहावर हेच काम भागवतात.

वेंगुर्लेकर:
काका, मी तीन वर्षे संघातून व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळतो आणि तुमचे म्हणणे मला अर्धेच पटते. थिअनीन आणि कॅफीन एकत्र दिल्यावर लक्ष एका कामावरून दुसऱ्याकडे वळवताना चुका कमी होतात, असे प्रयोगांत दिसले आहे. माझाही अनुभव तोच आहे. कडक कॉफी घेतली की नेम धरताना अंगठा थरथरतो आणि निशाणा डोक्यावरून खांद्यावर घसरतो. पावडरीने तसे होत नाही. शिवाय एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलीच्या डब्यात साधारण 27 ग्रॅम साखर असते, ती माझ्या पावडरीत अजिबात नाही.

देवगडकर:
थिअनीनचा मुद्दा मी नाकारत नाही. तो चहाच्या पानातलाच घटक आहे. पण तुम्ही म्हणता त्या प्रयोगांत सुमारे 100 मिलिग्रॅम थिअनीनबरोबर 40 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन दिलेले होते, म्हणजे थिअनीन दुप्पट. या डब्यात कॅफीन तिप्पट आहे आणि थिअनीन किती ते लपवलेले आहे. मग त्या प्रयोगांचा आधार या डब्याला कसा मिळेल? टायरोसीनचेही तसेच. कडाक्याची थंडी किंवा जागरण सोसणाऱ्या माणसांवर ते तपासले गेले, तेही काही ग्रॅमच्या मात्रेत, आणि इथे तर सगळ्या मिश्रणाचेच वजन एक ग्रॅम आहे.

मुरूडकर:
डोळ्यांविषयी एवढेच सांगतो की ल्युटीन दृष्टिपटलासाठी खरोखर उपयोगी आहे, पण ते हिरव्या पालेभाज्यांत आणि अंड्याच्या बलकातही असते. खेळताना डोळे चुरचुरतात ते पापण्या कमी लवतात म्हणून. त्यावर पावडर काय करणार?

गुहागरकर:
मी शिक्षिका आहे आणि मला या चर्चेत झोपेचा उल्लेख दिसत नाही, याचे वाईट वाटते. शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला 150 मिलिग्रॅम घेतले, तर पहाटे तीनला 75 शिल्लक असते, म्हणजे दीड-दोन कप चहा पोटात घेऊन मूल झोपायला जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 3 मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. 48 किलोच्या मुलाला ती 144 मिलिग्रॅम होते. म्हणजे देवगडच्या त्या मुलाचे वजन एवढे असेल, तर त्याचा पहिलाच चमचा मर्यादेबाहेर जातो, आणि घरचा चहा वेगळाच. पहिल्या तासाला बाकावर डोके टेकणारी मुले मी रोज पाहते.

वेंगुर्लेकर:
बाई, मुलांना देऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मी 24 वर्षांचा आहे आणि सायंकाळी पाचनंतर पावडर घेत नाही. आताच माझा डबा उघडून पाहिला: एका चमच्यात कॅफीन 100 आणि थिअनीन 200 मिलिग्रॅम, प्रत्येक घटक वेगळा छापलेला. प्रमाण लपवणाऱ्यांना जरूर दोष द्या, पण त्याच मापाने सर्वांना मोजणे मला अन्यायाचे वाटते.

देवगडकर:
हे प्रमाण प्रयोगांशी जुळते, म्हणून "कॅफीनचाच गुण" हे माझे विधान तुमच्या डब्यापुरते मी मागे घेतो. तरीही यातले थिअनीन वगळले तर टॉरीन आणि अशा पावडरींत घातलेली ब जीवनसत्त्वे यांसाठी वेगळे पैसे का मोजायचे, हा प्रश्न राहतोच. चांगले जेवणाऱ्याच्या शरीरातून जास्तीचे ब जीवनसत्त्व बहुतांशी लघवीवाटे निघून जाते. त्या मुलाला मी डबा बंद ठेवायला सांगितले आहे. उद्या तो घेऊन येईल, तेव्हा त्यावरच्या पत्त्यावर थिअनीनचे नेमके प्रमाण विचारणारे पत्र पाठवतो आणि उत्तर आले की इथे लिहितो.