आईचा हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदलायचाय: मेटल (धातूचा) की टिश्यू (जनावराच्या ऊतीचा)? बजेट दोन लाख

यावलकर_पोऱ्या: आई ५२ वर्षांची. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यातच मायट्रल व्हॉल्व्ह आकसला. फुग्याने उघडता आला असता, पण कॅल्शियम फार चढलंय, गळतीही आहे. बदलायचाच. केशरी कार्ड आहे. कुठला बसवू?

तापीकाठ: वडिलांना टावी केली. मांडीतून व्हॉल्व्ह घातला, चौथ्या दिवशी घरी. पैशाकडे बघू नका, जीव महत्त्वाचा.

यावलकर_पोऱ्या: दादा, ती अओर्टिकची, हृदयाच्या दुसऱ्या व्हॉल्व्हची. आणि बजेट वर लिहिलंय.

भुसावळ_लोको: मेटल. डोळे झाकून. मला श्रीचित्रा संस्थेचा बसवलाय, तिरुवनंतपुरमला बनलेला, १९९० पासून लोकांना लावतात. रात्री घर शांत झालं की टिकटिक ऐकू येते, बायको म्हणते घड्याळ झोपलंय शेजारी. अठरा वर्षं झाली, काही नाही.

चोपडेकर: मेटलला जन्मभर ॲसिट्रोम, रक्त पातळ ठेवायची गोळी. दात काढायचा म्हणून मी मनानेच आठ दिवस बंद केली. गुठळी झाली, व्हॉल्व्ह अडकला, धाप लागून परत आयसीयूत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही चुकवू नका.

पारोळा_७७: आता नव्या गोळ्या आल्यात, रक्त तपासायलाच लागत नाही.

लॅबवाली_ताई: मेटलवाल्यांना त्या नाही चालत! त्यातली डॅबिगॅट्रान देऊन पाहिली होती, गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, २०१२ ला अभ्यास मध्येच थांबवला. मायट्रल मेटलला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे तो तपासणीतला आकडा, साधारण २.५ ते ३.५ लागतो. आणि महात्मा फुले योजनेत व्हॉल्व्ह बसतो, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. दोन लाख नंतर काढा.

पारोळा_७७: ॲसिट्रोमवर पालेभाजी पूर्ण बंद मग.

लॅबवाली_ताई: बंद नाही हो. रोज सारखी खायची. आठवडाभर नाही आणि एके दिवशी भरितात जुडीभर कांद्याची पात, असं केलं की आयएनआरचा आकडा हलतो.

आसोदेकर: भरितात पात नसेल तर ते भरीत कसलं? वांगी आसोद्याचीच.

चोपडेकर: बामणोदची.

भुसावळ_लोको: परत सांगतो, मेटल. टिश्यू दहा-पंधरा वर्षांत झिजतो, कमी वयात आणखी लवकर. मग छाती पुन्हा उघडा.

यावलकर_पोऱ्या: सगळ्यांचे आभार. योजनेत बसलं, आरोग्यमित्राने दोन दिवसांत कागद केले. टिश्यू ठरवला. डॉक्टरांनीही मेटलच सुचवला होता, पुन्हा ऑपरेशन लागेल हे लिहून घेतलं. पण लॅब आमच्यापासून दोन एसट्या लांब, आणि आई निंदणीला जाते, विळा लागतोच, त्या गोळीवर रक्त लवकर थांबत नाही. सुरुवातीचे काही महिने गोळी आहे, तेवढी मी सांभाळीन. ती म्हणाली, "दहा वरीस निघू दे, मंग पाहू."

भुसावळ_लोको: चुकताय भो. बघा.

आसोदेकर: बामणोदची वांगी भाजली की पाणी सोडतात, हे कोणी बोलतच नाही.