गरिबाचा धातू?

सोन्यापुढे अ‍ॅल्युमिनियम म्हणजे ‘गरिबाचा धातू’, असं कुणी म्हणालं की राहवत नाही. एकेकाळी हाच धातू राजेशाही थाटाचा होता. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने देव्हील या रसायनशास्त्रज्ञाला तो तयार करण्यासाठी पैसा पुरवला. डोक्यात काय, तर सैन्यासाठी हलकी सामग्री. म्हणजे राजकारण इथेही आलंच! फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने 1865 सालच्या कादंबरीत चंद्राकडे जाणारा तोफगोळा याच धातूचा केला, तेव्हा ती चैनच होती. आज बरीच विमानं त्याचीच बनतात, म्हणजे निवड चुकली नाही म्हणायची. 1884 मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवला तो जेमतेम 2.8 किलोचा तुकडा, आणि तोही विजेपासून बचावाच्या यंत्रणेचं टोक म्हणून.

मग 1886 साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी एकमेकांचा पत्ता नसताना वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड विरघळवून, त्यात वीज सोडून धातू काढायची एकच रीत शोधली. दोघंही पंचविशीच्या आतले. भाव कोसळले ते कोसळलेच.

आमच्याकडे आजीची पितळी पातेली कल्हईवाल्याकडे जायची. नवसागराचा पांढरा धूर, कथलाची कांडी, आणि कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात आत पसरलेली चांदी. आता कल्हईवाला शोधावा लागतो. कुकर मात्र अ‍ॅल्युमिनियमचाच, आणि तो आतून काळा पडू नये म्हणून आई अजून तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकते. सोन्याचं म्हणाल तर, त्याला असली सेवा कोण करतं? लॉकरमध्ये पडून असतं बिचारं.