मदत हवी आहे: व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेल्या कामाचे पैसे क्लायंट नाकारतोय, वर म्हणतो करार बंद करून बाहेरून घ्या

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत राहते. गेली चार वर्षं घरून सबटायटल्स आणि भाषांतराचं काम करते, बहुतेक काम अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या वेबसाइटवरून मिळतं. आजवर पैशांवरून कुणाशी वाद झाला नव्हता, त्यामुळे आता नेमकं काय करावं ते सुचत नाहीये. जरा सविस्तर लिहिते, कारण गोम बारीकसारीक गोष्टींतच आहे.

क्लायंट नेदरलँड्समधला आहे. पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्यांसाठी ते प्रशिक्षणाचे व्हिडिओ बनवतात. मावळात तळेगावच्या बाजूला गुलाब आणि जरबेराची जी पॉलिहाऊस आहेत, तिथल्या कामगारांना दाखवायला मराठी सबटायटल्स हवी होती. मला हे काम मनापासून आवडलं. ठिबकच्या नळीतून खत कसं सोडायचं, रोप गादीवाफ्यावर किती खोल लावायचं, हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे, दोन ओळींत बसलं पाहिजे आणि शब्द शेतावरचेच हवेत. त्यासाठी मी आमच्या मिरजेच्या मामांना दहा वेळा फोन केले असतील.

दर ठरला मिनिटाला 6 डॉलर. सहा व्हिडिओ, मिळून 70 मिनिटं, 420 डॉलर. प्रत्येक व्हिडिओचा वेगळा माइलस्टोन, म्हणजे कामाचा टप्पा. त्याचे पैसे क्लायंट आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे अपवर्ककडे राखून ठेवायला, भरणार आणि काम दिलं की ते सुटायचे. सगळं वेळेवर झालं.

दुसऱ्या व्हिडिओच्या वेळी तिथले समन्वयक म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू, लवकर होतं. मी नियम वाचले. करार सुरू व्हायच्या आधी फोन नंबर, ईमेल द्यायचा नाही, पण करार सुरू झाल्यावर बाहेर बोललं तर चालतं, फक्त पैसे अपवर्कवरूनच आले पाहिजेत. म्हणून नंबर दिला. सोयीचंही वाटलं. त्यांच्या आणि आपल्या घड्याळात साडेतीन तासांचा फरक, थंडीत साडेचार. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र. अपवर्कवर मेसेज टाकून सकाळपर्यंत थांबण्यापेक्षा हे बरं, असं वाटलं.

बारा दिवसांपूर्वी, गुरुवारी रात्री पावणेदहाला, मी मुलीला झोपवत होते तेव्हा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. अजून दोन व्हिडिओ आहेत, सातवा 18 मिनिटांचा आणि आठवा 22 मिनिटांचा, दर तोच, पुढच्या मंगळवारी तळेगावला दाखवायचे आहेत, आजच सुरुवात करा, माइलस्टोन सोमवारी भरतो. मी "ओके" लिहून कामाला लागले. शनिवार-रविवार दोन्ही रात्री बसून सोमवारी फाइली ड्राइव्हवर टाकल्या. व्हिडिओ मंगळवारी दाखवलेही गेले, तसं त्यांनीच कळवलं. माइलस्टोन मात्र आलाच नाही.

मी दोनदा आठवण केली. काल उत्तर आलं की ते दोन व्हिडिओ आधीच्याच कामातल्या दुरुस्त्या होत्या, वेगळे पैसे ठरलेच नव्हते. आणि पुढे, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून" 150 डॉलर पेपॅलवर पाठवतो, त्याआधी करार बंद करा, म्हणजे अपवर्कचं कमिशन तुमचंही वाचेल, रिव्ह्यू पाच स्टारचा देतो.

मी व्हॉइस मेसेज शोधायला गेले तर तो नाही. त्या गुरुवारचं काहीच नाही. खूप वर गेल्यावर एक छोटीशी सूचना दिसली: या चॅटमधले मेसेज 7 दिवसांनी नाहीसे होतील. ते त्यांनी केव्हातरी सुरू केलं होतं. तेव्हा मी ती ओळ पाहिली होती, पण तिचा अर्थ मनात उतरला नव्हता.

माझे 240 डॉलर, म्हणजे वीस हजारांच्या वर रक्कम अडकली आहे. प्रश्न असे:
150 डॉलर घेऊन मोकळं व्हावं का? बाहेरून घेतले तर माझ्या खात्याला धोका किती? आणि माझ्याकडे पुरावाच उरलेला नसताना अपवर्ककडे तक्रार करून काही उपयोग होतो का?

मुद्दाम सांगते, मला कुणाचा सूड घ्यायचा नाही. काम केलं आहे, त्याचे पैसे हवेत.

पायओळ

---

नदीकाठ
ताई, आधी एक गोष्ट: करार बंद करू नका. आज काहीही होवो, ते बटण दाबू नका. करार चालू आहे तोवर त्यांना त्याच करारात नवा माइलस्टोन घालता येतो. बंद झाला की तुमच्या हातात फक्त त्यांचा शब्द उरतो, आणि तो कसा आहे ते तुम्ही पाहिलंच.

150 डॉलर बाहेरून घेऊ नका. ओळख अपवर्कवर झाली की तिथून पुढे दोन वर्षं त्या क्लायंटचे पैसे अपवर्कवरूनच यायला हवेत, अशी अट आपण खातं उघडताना मान्य केलेली असते. त्याआधी बाहेर जायचंच असेल तर क्लायंटने कन्व्हर्जन फी, म्हणजे बाहेर जाण्यासाठी अपवर्कला द्यायची रक्कम, भरायची असते, ती वाट उघडी आहे. गुपचूप गेलात तर खातं जाऊ शकतं. चार वर्षांचे रिव्ह्यू आणि जॉब सक्सेस स्कोअर (अपवर्कवरचे आपल्या कामाचे गुण) 150 डॉलरसाठी पणाला लावायचे का, ते तुम्हीच ठरवा. मी लावणार नाही.

रानवाटा
मला यात जरा वेगळं म्हणायचं आहे. मी सहा वर्षं सगळं बाहेर करतो. ईमेलवर करार, पैसे थेट बँकेत. प्लॅटफॉर्मने ओळख करून दिली, त्याचे पैसे किती वर्षं कापायचे? 2023 च्या आधी तर पहिल्या 500 डॉलरवर 20 टक्के जायचे. पुण्यातल्या, मुंबईतल्या कंपन्यांशी थेट काम करा, कुणाची अट नाही.

नदीकाठ
@रानवाटा, तुमचे क्लायंट तुम्हाला ओळखीतून मिळाले आहेत, ते तुमचेच. त्यांच्याशी थेट काम करण्यात काहीच गैर नाही, मीही करतो. ताईंचा क्लायंट अपवर्कवरून आलेला आहे, आणि प्रश्न तो आहे. शिवाय थेट काम करताना तुमच्याकडे ईमेलवरचा करार असतो. इथे तोही नाही.

रानवाटा
हे मान्य. लेखी काहीच नसताना मीही सुरुवात करत नाही. कुणी फोनवर सांगितलं तरी ईमेल येईपर्यंत फाइल उघडत नाही.

अश्विनी_६२
मी पेपॅलबद्दल सांगते, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे. पेपॅलवर पैसे देणारा 180 दिवसांपर्यंत तक्रार उघडू शकतो. माझ्या एका जुन्या क्लायंटने लोगोचं काम घेतलं, वापरलं, आणि चौथ्या महिन्यात "सेवा मिळाली नाही" म्हणून तक्रार टाकली. चॅट टेलिग्रामवर होती आणि त्याने दोन्हीकडची मिटवली होती. तेव्हा आलेले 150 आलेच असं धरून चालू नका. भारतात पेपॅलवर फक्त परदेशातून पैसे येतात, त्यासाठी पॅन आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा कोड, द्यावा लागतो. म्हणजे हा व्यवहार कागदावर राहतोच, "लपून" काही होत नाही.

वसंतराव_निवृत्त
मी या क्षेत्रातला नाही, पण बँकेत तीस वर्षं कर्ज खात्यांचं काम पाहिलं, म्हणून विचारतो. पुरावा म्हणजे फक्त तो आवाजातला निरोप का? फाइल तुम्ही ज्या दिवशी पाठवली, ज्याने ती उघडली, त्यावर काही लिहिलं, त्याची नोंद कुठेतरी असेलच ना? माणूस निरोप पुसतो, पण कामाच्या कागदावर त्याने मारलेल्या खुणा पुसायचं सहसा त्याच्या लक्षात येत नाही.

पायओळ
वसंतकाका, तुमचा प्रतिसाद वाचून मी अक्षरशः उठून लॅपटॉप उघडला.

आमची एक शब्दसूची आहे, गूगल शीटवर. कोणत्या इंग्रजी शब्दाला कोणता मराठी शब्द, सगळ्या व्हिडिओंत सारखाच यावा म्हणून मी ती बनवली होती आणि क्लायंटला दिली होती. त्यात त्या सोमवारी रात्रीच्या त्यांच्या तीन कमेंट्स आहेत, नाव आणि तारीख-वेळेसकट. एक अशी, की आठव्या व्हिडिओत चौथ्या मिनिटाला मी "तोटी" लिहिलं आहे तिथे "ड्रिपर" करा, शेतकरी तोच शब्द म्हणतात. दुसरीत सातव्या आणि आठव्या व्हिडिओला "नवे व्हिडिओ" म्हटलं आहे. नवे! मी मामांना विचारून "ड्रिपर" केलंही होतं आणि खाली "केलं" असं उत्तर दिलं होतं.

शिवाय ड्राइव्हवर फाइल दिल्याचे ईमेल आहेत. आणि मूळ करारात सहाच व्हिडिओंची नावं आणि मिनिटं लिहिलेली आहेत.

नदीकाठ
हे पुरेसं आहे. आता व्हॉट्सअ‍ॅपवर एक अक्षर लिहू नका. अपवर्कच्या मेसेजमध्ये लिहा. भांडणाची भाषा नको. कोणत्या तारखेला काय मागितलं, काय दिलं, कुठे वापरलं, दर काय, रक्कम काय. शीटच्या कमेंट्सचे स्क्रीनशॉट जोडा. शेवटी एवढंच, की याच करारात 240 चा माइलस्टोन घाला. बाहेरून पैसे घेणार नाही, हेही त्याच मेसेजात स्पष्ट लिहा. उद्या कुणी तपासलं तर तुमची बाजू तुमच्याच शब्दांत तिथे असेल.

एक कटू गोष्टही सांगतो. एस्क्रोमध्ये न भरलेल्या रकमेला अपवर्कचं संरक्षण नाही. फिक्स्ड प्राइस, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या, कामात जेवढे पैसे आधी भरले, तेवढ्यांचंच संरक्षण. तासाच्या कामातही त्यांच्या ट्रॅकरवर नोंदलेल्या तासांचंच. म्हणजे तक्रार केल्याने पैसे हमखास मिळतील असं नाही. पण मोठी कंपनी असेल तर लेखी तारखा समोर आल्यावर बहुतेक वेळा समन्वयकाच्या वरचा माणूस जागा होतो. त्यांनी पुन्हा बाहेरून द्यायचा आग्रह धरला तर तो मेसेज फ्लॅग करा, म्हणजे अपवर्कच्या नजरेस आणा.

कोमल_नवी
धाग्यात मध्येच विचारते, माफ करा. मी नवीन आहे. मला डेटा एंट्रीच्या एका जॉबवर उत्तर आलं, "इंटरव्ह्यू टेलिग्रामवर होईल", आणि 2,000 रुपये डिपॉझिट मागत आहेत, नंतर परत देणार म्हणे. करार सुरू झालेला नाही. हे पण "बाहेर बोलणं" मध्येच येतं का?

अश्विनी_६२
कोमल, हे काम नाहीच, ही फसवणूक आहे. काम देणारा काम करणाऱ्याकडून पैसे मागत नाही, डिपॉझिट म्हणा, नोंदणी म्हणा, ट्रेनिंग म्हणा. करार सुरू व्हायच्या आधी टेलिग्रामवर बोलावणं हेच नियमाबाहेर आहे. तिथेच रिपोर्ट कर. काही पैसे दिले असतील तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर, उद्यावर टाकू नकोस. फायवर या अशाच दुसऱ्या साइटवर काम करणार असशील तर तिथे बाहेरच्या संपर्काला मुळातच बंदी आहे, हेही लक्षात ठेव.

कोमल_नवी
नाही दिले ताई. आत्ताच ब्लॉक केलं. खूप आभार.

पायओळ
कोमल, बरं झालं विचारलंस.

मी काल सकाळी नदीकाठ यांनी सांगितलं तसा मेसेज टाकला. लिहायला दोन तास लागले, कारण दर वाक्यात माझा राग डोकावत होता आणि तो काढून टाकावा लागत होता. शेवटी नऊ ओळी उरल्या. तीन स्क्रीनशॉट जोडले.

दिवसभर उत्तर नाही. रात्री जेवायला बसलो तेव्हा फोन वाजला, समन्वयकांचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल. हात थरथरत होता, पण उचलला नाही. अपवर्कवर लिहिलं की कृपया इथेच लिहा. मग अर्ध्या तासाने तिथे एका दुसऱ्याच बाईंचा मेसेज आला, त्या कंपनीत हिशेब पाहतात. त्यांनी विचारलं की करारात सहा व्हिडिओ आहेत आणि तळेगावला आठ दाखवले गेले, तर बाकीच्या दोनांचं बिल का आलं नाही? मी फक्त माझ्या नऊ ओळींकडे बोट दाखवलं.

आज दुपारी माइलस्टोन आला. 240 डॉलर, एस्क्रोमध्ये भरलेले. "रक्कम भरली आहे" ही ओळ मी मुलीला वाचून दाखवली. तिला काही कळलं नाही, पण ती हसली.

नदीकाठ
उत्तम! आता फाइली ड्राइव्हवर आहेत म्हणून थांबू नका. त्याच माइलस्टोनवर "सबमिट" करून द्या. सबमिट केल्यापासून क्लायंटला तपासायला 14 दिवस असतात. त्यांनी काहीच केलं नाही तर पैसे आपोआप सुटतात, आणि सुटल्यावर पाच दिवस थांबून तुमच्या हातात येतात. सबमिट केलंच नाही तर ते घड्याळ सुरूच होत नाही. बरेच जण इथे चुकतात.

पायओळ
मी तिथेच चुकणार होते. आत्ता दोन्ही फाइली सबमिट केल्या, सोबत शब्दसूचीची पीडीएफही.

त्या बाईंनी नवव्या व्हिडिओबद्दल विचारलं आहे, ढोबळी मिरचीवर आहे, 25 मिनिटांचा. मी लिहिलं, माइलस्टोन भरलेला दिसला की त्या दिवसापासून चार दिवसांत देते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो 7 दिवसांचा पर्याय मी त्या चॅटमध्ये बंद केला आहे. इथून पुढे फोनवर काही ठरलं की ठेवल्याबरोबर अपवर्कवर "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून तीन ओळी टाकणार, आणि त्यावर त्यांचं "हो" आल्याशिवाय व्हिडिओ उघडणार नाही.

वसंतकाका, मामांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. "ड्रिपर" या शब्दाला होकार त्यांचाच होता.