गेममधल्या म्हाताऱ्याचं औषध नेलं, ते मनातून जाईना

शाहूपुरीकर:
‘धिस वॉर ऑफ माइन’ खेळतोय. २०१४ चा पोलंडचा गेम, १९९२ ते १९९६ च्या साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. ह्यात आपण सैनिक नसतो, अडकलेली साधी माणसं असतो. माझ्या घरातल्या माणसांपैकी ब्रुनो आजारी पडला म्हणून रात्री पावले नावाच्या दुसऱ्याला औषध शोधायला बाहेर पाठवला. एका घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, हत्यार कुणाकडंच नाही. म्हातारा गयावया करत होता नि मी औषध पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी पावले उदास. मलाही जेवण गेलं नाही.

२०१९ च्या महापुरात वरच्या मजल्यावर अडकलो होतो तेव्हा शेजारच्या काकींच्या बंद खोलीचं कुलूप तोडून आम्ही तांदळाचा डबा काढला होता. पाणी उतरल्यावर त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, “बरं केलंस बाळा, उपाशी ऱ्हायचं होय?” तेव्हा मनाला काहीच लागलं नाही. मग इथं का?

मिरजकर:
काकींना तू सांगू शकलास. म्हातारा तर तोंडावर नको म्हणत होता. शिवाय गेमनं तुला भाग पाडलं नव्हतं. ‘स्पेक ऑप्स: द लाइन’मध्ये (२०१२) पांढरा फॉस्फरस, म्हणजे माणसं जाळणारं रसायन, टाकल्याशिवाय गोष्ट पुढं सरकतच नाही. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके दिसतात, मग खाली चालत गेलं की जळालेली आई नि तिचं लेकरू. मी हादरलो, पण दोष माझा वाटला नाही. दुसरी वाटच ठेवली नव्हती.

बावड्याची ताई:
त्याच गेममध्ये पुढं जमाव आपल्या तुकडीतल्या लुगोला फासावर चढवतो. मी रागानं गर्दीवरच गोळ्या झाडल्या. नंतर कळलं, हवेत बार काढला तरी लोक पांगतात. तसं सांगणारं बटण, सूचना, काहीच नसतं. मला सुचलंच नाही, हे अजून सलतं. मिरजकर, फॉस्फरसपेक्षा हे भारी आहे.

शाहूपुरीकर:
ताई, हेच. मी दुसरीकडं शोधलंच नव्हतं.

पहिल्यापासून परत सुरू केलाय. ब्रुनो पुन्हा आजारी. फ्रँको हा व्यापारी दारात आला तेव्हा सौद्याला आमच्यातल्या कात्याला पुढं केलं, तिला भाव चांगला मिळतो. घरातले सगळे दागिने देऊन औषधाची एक बाटली आली. अजून एक लागणार आहे. नकाशावर ते घर दिसतंय.