मदत हवी आहे : एक हेड, दोन पिस्टन. हे कधीच उत्पादनात न गेलेलं इंजिन असू शकतं का?

पडवी

नमस्कार मंडळी. गाडीतलं मला पेट्रोल कुठून भरतात एवढंच कळतं, तेव्हा शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

म्हापशाला आमच्या मोठ्या काकांचं गॅरेज होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. काका आता 84 वर्षांचे आहेत. यंदा मागची पडवी फारच गळायला लागली म्हणून सामान हलवलं, तेव्हा गोणपाटात गुंडाळलेलं मोटरसायकलचं एक इंजिन निघालं. याची गोष्ट आम्ही भावंडं लहानपणापासून ऐकत आलोय : "हे बाजारात आलंच नाही. एकच नग होता." पुढची भर घरच्यांची. आत्या म्हणते ते बोटीवरच्या एका इंजिनिअरने कारखान्यातून लंपास केलं होतं. चुलतभावाने तर वागातोरच्या बुलेटवाल्यांच्या जत्रेत कुणाला तरी विचारलं आणि "प्रोटोटाइप असेल तर लाखांत जाईल" हे ऐकून आला. तेव्हापासून घरात शांतता नाही.

जे दिसतं ते लिहिते. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काकांनी कधीतरी काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवलंय. हेड एकच, त्यातला खोलगट भागही एकच, पण खाली सिलिंडरला दोन भोकं आणि दोन पिस्टन. व्हॉल्व कुठेच नाहीत. कार्ब्युरेटर गायब. सिलिंडरच्या बाहेरच्या पात्यांवर खाऱ्या हवेने पांढरी बुरशी चढलीय. नावाची पट्टी नाही, नंबर अर्धा खाल्लेला. शेजारच्या आयटीआयवाल्या मुलाने व्हर्नियरने मोजलं, दोन्ही भोकं 45 मिमी. पिस्टन जाम आहेत.

भंगारवाला दोनदा येऊन गेलाय. कुणाला दाखवावं? आगाऊ धन्यवाद.

धूरकट

फोटो डकवा हो ताई! तोवर कुणालाच विकू नका, भंगारवाल्याला नको आणि लाखवाल्यालाही नको.

खाणीवरचा

ताई, डिचोलीला खाणीवर 30 वर्षं मशिनं उघडली, घरी दोन जुन्या गाड्या आहेत, त्या जोरावर लिहितो.

आधी प्रोटोटाइपचं भूत उतरवू. उत्पादनात न गेलेली इंजिनं खरोखर होऊन गेली, पण ती कशी मेली ते पाहिलंत तर अशी वस्तू म्हापशाच्या पडवीत का सापडत नाही ते कळेल. डुकाटीची अपोलो घ्या. 1964 च्या सुमाराची, 1257 सीसी, चार सिलिंडर 90 अंशांच्या व्ही आकारात, रचना फाबियो तालियोनींची. बर्लिनर हे अमेरिकेतले डुकाटीचे वितरक. त्यांना तिथल्या पोलिसांना हार्लेऐवजी विकायला गाडी हवी होती. ताकद निघाली 100 अश्वशक्तीच्या आसपास आणि त्या काळच्या टायरांचे तुकडे पडायला लागले. ताकद उतरवली तर मग ती हार्लेपुढे वेगळी ती काय राहिली? दोन गाड्यांवर सगळं थांबलं. इंजिन चांगलं, रबर कमी पडलं. मला तर याचं अजून वाईट वाटतं.

यामाहाने 1971 ला टोकियोच्या प्रदर्शनात जीएल 750 मांडली, चार सिलिंडरची टू-स्ट्रोक. पुढच्याच वर्षी रोटरी इंजिनाची आरझेड 201. दोन्ही विक्रीला आल्या नाहीत. ट्रायम्फ बँडिट आणि तिची जुळी बीएसए फ्युरी, 350 सीसीच्या, यांची तर माहितीपत्रकंसुद्धा छापून झाली होती. कंपनीकडचे पैसे संपले, गाड्या दुकानात पोचल्याच नाहीत.

अशी इंजिनं ओळखायची तर ओतकाम बघा. थोडेच नग करायचे तर वाळूच्या साच्यात ओततात, कातडी खरबरीत येते. हजारोंनी करायचे तर धातूच्या साच्यात, ते अंग गुळगुळीत. पण यावरही डोळे मिटून विश्वास नको. होंडा सीबी 750 च्या पहिल्या 7,414 इंजिनांना जगभर 'सँडकास्ट' म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात, प्रत्यक्षात ती वाळूत ओतलेली नव्हतीच.

साखळीकर

आपल्याकडचंही सांगा की. 2014 च्या ऑटो एक्स्पोला हिरोने हॅस्टर दाखवली होती, 620 सीसी, दोन सिलिंडर, 80 अश्वशक्ती. स्प्लेंडर चालवणारे आम्ही स्टॉलसमोर हरखून उभे होतो. सोबतीला एचएक्स 250 आर. हिरोचा अमेरिकेतला भागीदार एरिक ब्युएल रेसिंग 2015 च्या एप्रिलमध्ये बुडाला आणि दोन्ही गाड्या गेल्या त्या गेल्या.

पडवी

फोटो टाकलेत. खाणीवरचा, तुमचं वाचून बाहेरचं अंग चाचपलं. गुळगुळीत आहे. वाईट बातमी ना?

खाणीवरचा

बातमी चांगली आहे. फोटो बघितल्या बघितल्या हसलो. ही जोडपिस्टनवाली टू-स्ट्रोक आहे, इंग्रजीत स्प्लिट सिंगल. दोन पिस्टन एकाच क्रँकपिनवर (पिस्टनच्या वरखाली हालण्याने गोल फिरणाऱ्या क्रँकची खुंटी), वर ज्वलनाची जागा दोघांत मिळून एक. म्हणून दिसायला दोन सिलिंडर, हिशेबाला एक.

हे कशासाठी, तर साध्या टू-स्ट्रोकमध्ये एकच पिस्टन दोन्ही दारं उघडतो. जळका धूर बाहेर जायचं दार आधी उघडतं आणि नाइलाजाने बंदही शेवटी होतं. मधल्या वेळात ताजं पेट्रोल धुराबरोबर पसार. इथे एक पिस्टन धुराचं दार सांभाळतो, दुसरा ताज्या मिश्रणाचं, आणि दोघे किंचित मागेपुढे चालतात. त्यामुळे धुराचं दार आधी उघडून आधी बंद करता येतं. पेट्रोल कमी लागतं, कमी वेगात इंजिन गुरगुरत ओढतं. किंमत मोजायची ती वजनात आणि भानगडीच्या कनेक्टिंग रॉडमध्ये, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यात.

अशी इंजिनं ऑस्ट्रियाच्या पुखने, जर्मनीच्या टीडब्ल्यूएनने, इटलीच्या इझोने बाजारात विकली. इझोने तर इझेट्टा या अंड्यासारख्या मोटारीलाही सुरुवातीला हेच दिलं. 1961 पूर्वी युरोपातला माल गोव्यात सहज उतरायचा, त्यामुळे तुमच्याकडे एखादं सापडलं यात नवल नाही. माझा संशय पुखवर आहे, पण पिस्टनची चाल, म्हणजे तो वरखाली किती सरकतो ते मोजा.

जाम सोडवायला डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं करून भोकांत ओता, आठवडाभर विसरा. मग क्रँकच्या टोकाच्या नटाला पाना लावून दोन्हीकडे हळूहळू हलवा. पिस्टनवर हातोडा मारायचा नाही. लाकूड ठेवूनही नाही!

धूरकट

"लाकूड ठेवूनही नाही" हे आमच्या मेकॅनिकला कुणीतरी 20 वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

पडवी

बारा दिवस लागले. काल संध्याकाळी सुटलं, घरभर डिझेलचा वास. आयटीआयवाल्याने चाल मोजली, 78 मिमी. दोघांत केसभर फरक येतो म्हणाला.

खाणीवरचा

45 चा व्यास, 78 ची चाल. एकाचं भरतं 124 सीसी, दोघांचं 248. पुख 250 एसजीएस. 1953 पासून पुढे दीड दशकाहून जास्त काळ बनली, अमेरिकेत सिअर्सवाले हीच ऑलस्टेट नावाने विकत. तिथले लोक लाडाने 'ट्विंगल' म्हणतात. हजारोंनी निघाली. लाखांचं स्वप्न सोडा, पण भंगारात घातलंत तर मी स्वतः म्हापशाला येऊन भांडेन.

पडवी

आज काकांना सांगितलं. जरा घाबरतच, कारण आयुष्यभराची गोष्ट आपण मोडतोय असं वाटत होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पुखच ती. मी कुठे नाही म्हटलं?"

म्हटलं, तुम्हीच तर सांगायचात, बाजारात आलंच नाही!

"नाहीच आलं. म्हापशाच्या बाजारात. दुकानदाराने नमुन्याला एक गाडी मागवली. धूर बघून कुणी घेतली नाही, त्याने पुढे मागवल्या नाहीत. फ्रेम गंजून गेली, इंजिन मी ठेवलं."

साठेक वर्षं आम्ही सगळे 'बाजार' चुकीचा ऐकत होतो. चुलतभाऊ अजून बोलत नाहीये. काकांनी मात्र लगेच विचारलं की हजारोंनी बनली असेल तर पिस्टनच्या रिंगा मिळत असतील ना. खाणीवरचा, 45 च्या दोन जोड्या कुठून मागवायच्या तेवढं सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.